मित्राच्या नाकाची परीक्षा

त्या मार्चमध्ये माझ्या मित्राची आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगला आली, आणि मित्राच्या साकेच्या चार बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये राहायला आल्या. मित्र तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. एका फायनान्स कंपनीत चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, आणि आईसमोर त्याची बोबडी वळायची. काकू त्याच्या फ्रिजमध्ये देवाचं दूध आणि विरजण ठेवणार, म्हणजे तिथे दारूची बाटली शक्यच नव्हती. बाहेर ठेवता येईना, कारण ही जपानी तांदळाची दारू थंड आणि अंधारात ठेवावी लागते. म्हणून एका संध्याकाळी तो बाटल्या टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला.

‘‘वहिनी, फक्त खालचा शेल्फ द्या,’’ तो माझ्या बायकोला म्हणाला. ‘‘कोणी विचारलंच तर जपानी व्हिनेगर म्हणून सांगा. लेबल कोणाला वाचता येतंय?’’

बायकोने इडलीचं पीठ वरच्या कप्प्यात सरकवलं. तिला माझ्या मित्राचं भारी कौतुक. माझ्या मनात मात्र त्याच क्षणी एक नोंद झाली. जो माणूस सख्ख्या आईशी खोटं बोलतो, तो माझ्याशी खरं कशावरून बोलत असेल?

हा विचार तिरका वाटेल, पण माझं डोकं असंच चालतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची, यावर वीस वर्षं माझं घर चाललं. डेव्हलपर म्हणतो, ‘‘चालतंय,’’ मी म्हणतो, ‘‘दाखव.’’ घरीही मी तसाच. दुकानात दूध घेताना हात घालून मागची बाटली काढतो, सॅटनॅव्हने सांगितलेला रस्ता नकाशात पुन्हा बघतो. लग्न ठरताना मी बायकोच्या डिग्रीची मार्कशीट मागून घेतली होती असं ती सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. तिच्या वडिलांनी आपणहून दाखवली होती, मी फक्त नीट वाचली.

चार बाटल्यांपैकी तीन सीलबंद होत्या. चौथी त्याने आई यायच्या आदल्या दिवशी उघडली होती, ‘‘चेक करायला’’. तिच्यातले फार तर दोन घोट कमी झाले होते. आमच्या किचनमध्येच त्याने ती मला थोडी ओतून दिली. ती दायगिंजो होती, म्हणजे सगळ्यात नाजूक जातीची. तिच्यासाठी तांदळाचा दाणा घासून घासून निम्म्याहूनही लहान करतात आणि आतला पांढरा गाभा तेवढा वापरतात.

‘‘आधी नाक,’’ तो म्हणाला. ‘‘डोळे मिट. पिकलेलं खरबूज. आलं? त्याच्या मागे नासपती. आता एक घोट घे, जिभेवर थांबव… शेवटी थोडी बडीशेप. आली?’’

‘‘आली,’’ मी म्हणालो.

काहीही आलं नव्हतं. थंडगार पाणी प्यावं आणि नंतर घशात जरासं गरम वाटावं, तसं झालं. तांदूळ, पाणी आणि कसलीशी बुरशी एवढ्यातून खरबूज कुठून येणार, हे मला कळेना. त्याने मला कारण समजावून सांगितलं, यीस्ट, थंड खोली, सावकाश आंबवणं वगैरे. तो बोलत असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो ज्या गोष्टी ठामपणे सांगत होता त्यातली एकही तपासून बघता येण्यासारखी नव्हती.

त्याचा हा नाद तसा जुना. ऑफिसच्या कामासाठी तो काही महिने जपानला राहून आला आणि मग लंडनला संध्याकाळचा एक कोर्स करून साके चाखण्याचं सर्टिफिकेट घेऊन आला. ते त्याने फ्रेम करून खालच्या टॉयलेटमध्ये लावलं होतं. इथले गोरे लोक तसंच करतात, त्यात आपण फुशारकी मारत नाही असं दाखवायची रीत असते. मला मात्र प्रत्येक वेळी तिथे उभं राहून वाटायचं की खऱ्या अभिमानाची वस्तू कोणी इथे टांगेल का. आई आल्यावर तर तेही भिंतीवरून उतरलं.

एरवी या सगळ्याचं मला काही सोयरसुतक नव्हतं. एखाद्याला दारूत फळं दिसतात, दिसू देत. पण त्या मार्चमध्ये माझं अख्खं घर याच माणसाच्या शब्दावर टांगलेलं होतं.

फेब्रुवारीत माझ्या कंपनीने आमची टीम बंद केली. माझा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर होता. होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलं की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात व्हिसा स्पॉन्सर करणारी दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, मे महिन्यात होती. सात वर्षांची असताना ती इथे आली, तिच्या सगळ्या मैत्रिणी इथल्या. ते पत्र आलं त्या दिवशी ती जिन्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, ‘‘बाबा, पण माझा एक्झाम? तो दिल्यावर गो करू या ना आपण.’’ मी तिला म्हणालो, काही होत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मित्राच्या कंपनीत एक टेस्टरची जागा होती आणि ते स्पॉन्सर करत. मी त्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘‘अरे वेडा आहेस का, आजच मेल टाकतो. तू रिलॅक्स.’’

मग आठवडा गेला, दुसरा गेला. मी विचारलं, ‘‘मेल केलीस ना?’’ ‘‘झालं रे. एचआर स्लो आहे आमचा.’’ मला त्या मेलची कॉपी आली नव्हती. एचआरमधून कोणाचा फोन आला नव्हता. तो ‘‘झालं रे’’ हे अगदी त्याच सुरात म्हणाला होता ज्या सुरात ‘‘बडीशेप, आली?’’ म्हणाला होता. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. दिवसा मी पंधरा ठिकाणी अर्ज करायचो, आणि मधल्या वेळात मित्र व्हॉट्सॲपवर कधी ऑनलाइन होता, मला उत्तर द्यायला त्याने किती वेळ लावला, हे बघत बसायचो. मला माझीच लाज वाटायची, पण बघायचं थांबवता येत नव्हतं.

बायकोशी बोललो तर ती म्हणाली, ‘‘आठ वर्षं ओळखतोस ना त्याला? तुला ॲपेंडिक्स झालं तेव्हा कोण आलं होतं?’’

‘‘तो बोलघेवडा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘असे लोक वाईट नसतात. पण त्यांच्या बोलण्यावर घर चालत नाही.’’

साठातले तेवीस दिवस संपले होते. मला एकच गोष्ट हवी होती: हा माणूस जे बोलतो ते खरं असतं की नाही, याचा पुरावा. आणि पुरावा मिळवण्याची एकच पद्धत मला येते. आमच्या कामात तिला निगेटिव्ह टेस्ट म्हणतात. सिस्टीमला मुद्दाम चुकीचा डेटा द्यायचा. तिने अडवला तर सिस्टीम पास. निमूटपणे गिळला आणि वर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, तर नापास.

त्याच शनिवारी दुपारी आमच्या घरी साकेचा कार्यक्रम ठरला होता. मित्राची बायको काकूंना घेऊन हॅरोला नातेवाइकांकडे दिवसभर जाणार होती. मित्र आमच्याकडे येणार, मराठी मंडळातली दोन जोडपी येणार, आणि तो सगळ्यांना चार प्रकारच्या साके चाखायला शिकवणार. त्याची तयारी आठवडाभर चालली होती.

शुक्रवारी मी गावातल्या चायनीज सुपरमार्केटमध्ये गेलो आणि तिथली सगळ्यात साधी, पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळणारी साके घेऊन आलो. बायको कामावर होती, मुलगी शाळेत. उघडलेल्या बाटलीतली दायगिंजो मी स्क्वॉशच्या एका स्वच्छ धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत काढली आणि फ्रिजमध्ये अगदी मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवली. फेकली नाही. पुरावा कोणी फेकत नाही. रिकाम्या झालेल्या काचेच्या बाटलीत खोक्यातली साके आधीच्याच खुणेपर्यंत भरली, तोंड पुसलं, जागेवर ठेवली. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ, रंगात काडीचा फरक नाही. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. किती तरी दिवसांनी हातून एखादं काम चोख झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी तो दीड वाजता आला आणि आल्या आल्या त्याने घराचा ताबा घेतला. देवाजवळची उदबत्ती विझवली, मला शर्ट बदलायला लावला कारण मी आफ्टरशेव्ह लावलं होतं. बायकोने सकाळपासून खपून कोथिंबीर वड्या केल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तो कळवळून म्हणाला, ‘‘वहिनी, जीव की प्राण आहेत माझ्या या, पण लसूण आहे त्यात. सगळं झाल्यावर खाऊ.’’ भाजलेले शेंगदाणे आणि मीठ न घातलेली काकडी एवढीच परवानगी मिळाली. बायकोने नाक मुरडलं, पण वड्या झाकून ठेवल्या.

त्याने आपले छोटे पांढरे कप काढले. त्यांच्या तळाशी निळी वर्तुळं असतात. साके किती नितळ आहे ते त्या निळ्या कडांवरून बघायचं. प्रत्येकासमोर एक रिकामा मगही ठेवला, थुंकायला. तो स्वतः नेहमी थुंकायचा. इतकी वर्षं मला ते नाटकीच वाटत आलं होतं. चारचौघांत मगात थुंकणं बाकीच्या दोन जोडप्यांना जमेना, त्यांनी गिळून टाकलं आणि त्यामुळे कार्यक्रम लवकरच रंगला.

नाजूक चव आधी, म्हणून सुरुवात दायगिंजोने. त्याने बाटली टेबलावर आणली, आधी स्वतःच्या कपात ओतली. वर्तुळं बघितली. कप नाकाशी नेला.

मी त्याच्यावरून नजर काढली नाही. तो थांबला. पुन्हा एकदा हुंगलं. एक घोट घेऊन तोंडात फिरवला, मगात थुंकला, आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन सेकंद. मग सगळ्यांकडे वळून हसला.

‘‘हं. ही आपली राणी,’’ तो म्हणाला. ‘‘नाकाला पिकलेलं खरबूज, मागे नासपती. आणि गिळल्यावर, घाई करू नका, बडीशेप येते.’’

शब्दशः तेच. मंडळींनी डोळे मिटून हुंगलं. एक वहिनी म्हणाल्या, ‘‘ओ माय गॉड, मेलन! आय कॅन ॲक्च्युअली गेट इट!’’ त्यांच्या नवऱ्याला नासपतीही सापडली. मी मान डोलावली.  हा माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवतो. समोर काहीही ठेवा, तो तेच म्हणणार. म्हणजे मेलही गेलेली नाही, नावही दिलेलं नाही, आणि आपले तेवीस दिवस याच्या ‘‘झालं रे’’वर वाया गेले. मी बरोबर ठरलो होतो. आणि बरोबर ठरल्याचा आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं. 

पुढच्या तीन बाटल्या मी नीट ऐकल्याच नाहीत, पण थोडं आठवतं. दुसरी त्याने गरम पाण्याच्या पातेल्यात सुरई ठेवून कोमट केली. ती जुन्या पद्धतीची, आंबूस. तो म्हणाला, ‘‘ताकाची निवळ असते ना वरची, ती आठवा. आणि त्याच्याखाली साधा गरम भात.’’ तिसरी निगोरी, दुधट, न गाळलेली, पेजेसारखी दाट आणि गोड. ‘‘ही सगळ्यांना आवडते, म्हणून मला हिच्याबद्दल डाउट आहे,’’ म्हणाला. सगळे हसले. चौथी मुरवलेली, मधाच्या रंगाची. तिच्यात त्याला काकवी, खजूर आणि शेवटी सोया सॉस दिसला. मी चाखून बघितली, आणि काकवी मलाही लागली. मी ते कोणाला सांगितलं नाही. एवढं ढळढळीत कोणालाही लागेल, असं स्वतःला समजावलं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. दुसऱ्या बाटलीपासून तो सगळ्यांना ओतत होता तेवढं मला ओतत नव्हता. इतरांचा कप निम्मा, माझा जेमतेम तळ झाकेल एवढा. एकदा मी कप पुढे केला तर त्याने न बघितल्यासारखं केलं. मला वाटलं, याला कळलंय की मी ओळखलंय. चोराच्या मनात चांदणं असतं ते हे.

पाचच्या सुमारास वड्या संपल्या. मंडळी बाहेरच्या खोलीत चहा घेत बसली. मित्र किचनमध्ये आपले कप धूत होता. ते तो दुसऱ्या कोणाला धुऊ देत नसे, साबण लागतो म्हणून. मी पुसायला फडकं घेतलं. त्याने पायाने दार लोटलं.

‘‘कधीपासून चाललंय?’’ त्याने हळूच विचारलं.

‘‘काय?’’

‘‘हे बघ, मी चिडलो नाहीये. एक बाटली गेली, मरू दे. पण तू ती परत भरून ठेवलीस, ते मला लागलं रे. पहिल्याच वासाला कळलं. वरून ओतलेलं स्पिरिट, खाली शिळा भात. खोक्यातली आहे ना? खरबूज औषधालाही नाही तिच्यात.’’

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ‘‘मग तू सगळ्यांसमोर…’’

‘‘सगळ्यांसमोर काय बोलणार होतो? वहिनी बसल्या होत्या तिथे. तुझी पोरगी वरती अभ्यास करतेय.’’ त्याने नळ बंद केला. ‘‘माझे बाबा असंच करायचे. प्यायचे आणि बाटलीत पाणी भरून ठेवायचे. आई अजून कुठल्याही घरात गेली की बाटल्यांचे वास घेते. मी तिला उगाच घाबरतो का? मी थुंकतो ते काय स्टाइल म्हणून थुंकतो? नोकरी गेल्यावर सुरू झालं का तुझं? एकटाच घेतोस, दुपारी?’’

मी फडकं ओट्यावर ठेवलं. 

‘‘मंगळवारी आमच्या रिक्रूटमेंटवालीबरोबर माझी मीटिंग आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझा सीव्ही शॉर्टलिस्ट झालाय, आज तेच सांगणार होतो तुला. ती मला तुझ्याबद्दल विचारणार. आता तूच सांग, काय सांगू मी तिला?’’

त्या क्षणी मला मुलीचा जिन्यावरचा चेहरा आठवला. दारुडा ठरलो तर नोकरी गेली. मी दारू पीत नाही हे सिद्ध करणं भाग होतं, आणि सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा होता. मी फ्रिज उघडला, लोणच्याची बरणी बाजूला केली आणि स्क्वॉशची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. म्हणालो, ‘‘मी एक थेंबही प्यायलो नाही. सगळी यात आहे. मोजून घे.’’

त्याने झाकण उघडून वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव आला. मला तो अजून दिसतो. ‘‘हो, हीच,’’ तो म्हणाला. मग त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो भाव हळूहळू गेला.

‘‘मग ती खोक्यातली?’’

‘‘मीच आणली.’’

‘‘कशासाठी?’’

मी बरणी जागेवर ठेवून फ्रिज बंद केला. बोलण्याची गरज नव्हती. तो हुशार माणूस आहे.

‘‘तू मला टेस्ट करत होतास,’’ तो म्हणाला.

‘‘तुला माहीत नाही माझी काय अवस्था आहे. तू मेल केलीस म्हणालास, पण काहीच हलत नव्हतं. मला वाटलं…’’

‘‘तुला वाटलं मी थापा मारतो.’’

बाहेरच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने हसलं. त्याने एकेक कप पुसून लाकडी खोक्यात ठेवला.  मी ‘सॉरी’ म्हणालो. दोनदा म्हणालो.

‘‘प्यायला असतास तर मला कळलं असतं काय करायचं,’’ तो म्हणाला. ‘‘ते मी लहानपणापासून केलंय. हे कसं हँडल करतात मला नाही माहीत.’’

खोकं काखेत घेऊन तो निघाला. दारात वळून म्हणाला, ‘‘मंगळवारचं टेन्शन घेऊ नको. टेस्टर चांगला आहेस, हे मी आता खात्रीने सांगू शकतो.’’ त्यात उपरोध होता का, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बाटल्या त्याने नेल्या नाहीत. बायकोला बाहेर हसून टाटा केला.

मी बायकोला सगळं सांगितलं.  ती उठली, देवाजवळची विझलेली उदबत्ती काढली, दुसरी लावली, आणि मला म्हणाली, ‘‘तुला आता बरं वाटतंय का?’’ मी नाही म्हणालो.

नोकरी मिळाली. साठ दिवसांपैकी सोळा उरले असताना पत्र आलं. मुलीने परीक्षा दिली, पुढे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावीला गेली. बायकोने त्या आठवड्यात शिरा केला आणि एक डबा मित्राच्या घरी पोचवला. डबा धुऊन, त्यात काकूंच्या हातचे लाडू घालून परत आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

रुजू होण्याच्या कागदपत्रांसाठी एचआरमधून मला एक लांबलचक मेल आली. कोणीतरी आधीचा पत्रव्यवहार न खोडताच पुढे पाठवला होता. मी वाचत वाचत अगदी खाली गेलो. मी काय, सगळं शेवटपर्यंत वाचतो. सगळ्यात खाली मित्राची पहिली मेल होती. मी त्याला नोकरीचं सांगितलं होतं त्याच संध्याकाळची, सहा वाजून दहा मिनिटांची. इंग्रजीत, चारच ओळींची. माझं काम, माझा अनुभव, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘माझ्या घराची एक किल्ली गेली आठ वर्षं याच्याकडे असते, आणि तिचा मला कधी विचारही करावा लागलेला नाही.’

मी ती ओळ वाचून लॅपटॉप मिटला आणि बागेत जाऊन उभा राहिलो. रडलो असतो तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

आता आमचं ऑफिस एकच आहे. मजले वेगळे. लिफ्टमध्ये भेटतो, तो मुलीची चौकशी करतो, एम-फोर हायवेवरच्या ट्रॅफिकला शिव्या देतो. कोणी बघितलं तर म्हणेल जुने मित्र आहेत. ते शनिवारचं त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

रुजू झाल्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं. मी खिशातून किल्ली काढली आणि म्हणालो, ‘‘ही तुझ्याकडे राहू दे.’’ रस्ताभर मला वाटत होतं की तो ‘‘वेडा आहेस का, ठेव’’ म्हणेल. तसं म्हणावं म्हणूनच मी ती घेऊन गेलो होतो.

त्याने हात पुढे केला आणि किल्ली घेतली.